जखम पाहणे, धुणे आणि बांधणे: ग्रामीण भागात शिकणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंग खोलीत येणाऱ्या जखमा शेतीच्या हंगामाबरोबर बदलत जातात. निंदण-डवरणाच्या दिवसांत विळ्याचे घाव येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या काळात दिवसभर चिखलात राहिलेल्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होऊन कातडी सोलते. सोयाबीन निघाले की तळपायात धसकटे शिरतात आणि मळणी यंत्रात बोटे सापडतात. कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटताना हातांना खोल ओरखडे पडतात. यांच्या जोडीला मधुमेहाच्या, कुष्ठरोगाच्या आणि सिकलसेलच्या (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) जुन्या जखमा, आणि बाजेवर पडून असलेल्या वृद्धांच्या पाठीवरच्या जखमा वर्षभर असतातच. इतक्या वेगवेगळ्या जखमांना एकच ड्रेसिंग, म्हणजे वरून हायड्रोजन पेरॉक्साइड, मग पोव्हिडोन आयोडीन, वर गॉज आणि पट्टी, असे सरसकट करण्याची सवय अनेक ठिकाणी रुजलेली आहे, आणि ती विद्यार्थिदशेतच मोडली पाहिजे असे मला फार वाटते. ड्रेसिंग कोणते करायचे हे ट्रेमध्ये काय उरले आहे यावरून ठरू नये. ते जखम आज कशी दिसते आणि रुग्ण येथून उठून कुठे जाणार आहे, या दोन गोष्टींवरून ठरावे.

हात लावण्याआधी

ताजी जखम रक्ताळलेली असेल तर प्रश्न नंतर, दाब आधी. निर्जंतुक पॅड थेट जखमेवर ठेवून तळहाताने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, अवयव शक्य असल्यास हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलावा, आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच पॅड उचलू नये, कारण नुकतीच जमू लागलेली गुठळी त्यासोबत निघून येते. पॅड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. दाबाने न थांबणारा, उसळणारा रक्तस्राव असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच क्षणी बोलवावे.

रक्त आटोक्यात आल्यावर जखमेच्या पुढचा भाग तपासावा: बोटे गरम आहेत का, नाडी लागते का, स्पर्श कळतो का, प्रत्येक बोट वेगळे वाकवता आणि सरळ करता येते का. विळ्याचा मनगटावरचा घाव वरून दोन सेंटिमीटरचा दिसतो आणि आत स्नायूची दोरी तुटलेली असते. हे भूल देण्याआधी तपासले नाही तर टाके घालून घरी गेलेला माणूस महिन्याभराने न वाकणारे बोट घेऊन परत येतो.

मग विचारपूस. जखम कधी झाली, कशाने झाली, माती किंवा शेण लागले होते का, मधुमेह किंवा सिकलसेल आहे का, रक्त पातळ करणारी किंवा स्टिरॉइडची गोळी चालू आहे का, आयोडीनची किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी आहे का, धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे सारे विचारावेच. पण आपल्याकडे त्यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे घरी जखमेवर काय लावले होते. हळद, चुना, राख, तंबाखू, रॉकेल, एकदांडीचा पाला, भाजल्यावर टूथपेस्ट, यांपैकी काहीतरी बहुधा लावलेले असते. ‘काकाजी, घरी काय लावलं होतं?’ असे साध्या आवाजात विचारावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. दवाखाना दूर आहे, रक्त वाहत आहे आणि हाताशी हळदीचा डबा आहे, अशा वेळी घरच्यांनी जे सुचले ते केलेले असते. आज रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि जखमेच्या तळाशी अडकलेला चुना तुम्हाला दिसणारही नाही.

दुखण्याबद्दल रुग्ण काय म्हणतो ते लक्षपूर्वक ऐकावे. ‘रात्रभर ठणकून राहिलं’ म्हणणाऱ्या माणसाच्या जखमेत बहुधा पू साचलेला असतो. जखम लहान दिसत असताना वेदना प्रमाणाबाहेर असेल, भोवतालची कातडी ताणलेली किंवा काळपट होत असेल, दाबल्यावर आत वायूची कुरकुर लागत असेल, तर तो पसरणारा गंभीर संसर्ग असू शकतो आणि तेथे तासांचा हिशेब असतो. उलट खोल जखम असूनही ‘काहीच दुखत नाही’ असे कोणी सांगितले तर निश्चिंत होऊ नये, कारण पायाची संवेदना गेलेली असण्याची ती पहिली खूण असते.

हात, ट्रे आणि ड्रम

हातांची स्वच्छता हा ड्रेसिंगचा पहिला भाग आहे. हात मळलेले दिसत असतील तर साबण आणि वाहत्या पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवावेत; स्वच्छ दिसत असतील तर अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद, कोरडे होईपर्यंत चोळावे. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही. जुने ड्रेसिंग साध्या स्वच्छ मोज्यांनी काढावे, ते मोजे टाकावेत, हात पुन्हा स्वच्छ करावेत आणि मग निर्जंतुक मोजे किंवा फोर्सेप घेऊन पुढचे काम करावे. एकाच मोज्यांनी जुने काढून नवे बांधणे, किंवा त्याच मोज्यांनी पुढच्या रुग्णाकडे वळणे, ही गर्दीच्या दिवशी होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

ट्रेमध्ये दोन आर्टरी फोर्सेप, एक दातांचा आणि एक बिनदातांचा फोर्सेप, कात्री, वाटी, गॉजचे तुकडे, पॅड, आणि बाहेर किडनी ट्रे, मॅकिंटॉश (खाली अंथरायची रबरी चादर), रोलर बँडेज, चिकटपट्टी असावी. सर्व काही आधी मांडून घ्यावे, म्हणजे उघड्या जखमेला सोडून कपाटाकडे जावे लागत नाही. ड्रम, म्हणजे गॉज-पॅड ठेवायचा धातूचा डबा, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला आणि १५ पौंड दाबाला, आतल्या गाठोड्यांच्या आकारानुसार पुरेसा वेळ राहिलेला असावा. ड्रमवर लावलेल्या सूचक चिकटपट्टीवरच्या रेषा काळ्या झाल्या याचा अर्थ ड्रमला उष्णता लागली एवढाच आहे, आतले प्रत्येक गॉज निर्जंतुक झाले असा नाही. ड्रम ओलसर निघाला तर तो निर्जंतुक मानू नये. ड्रममधून गॉज चिटल फोर्सेपने (लांब निर्जंतुक चिमट्याने) काढावे, झाकण लगेच लावावे, आणि काढलेला गॉज उरला तरी परत आत टाकू नये.

जुने ड्रेसिंग काढताना

ड्रेसिंग चिकटले असेल तर ओढू नये. सलाइन ओतून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि कडेकडेने, कातडीला समांतर दिशेने सोडवत यावे. झटक्यात ओढलेल्या कोरड्या गॉजबरोबर नुकतीच तयार झालेली नाजूक पेशींची चादर निघून येते, आणि रुग्णाला झालेल्या वेदनेपेक्षाही ते नुकसान मोठे असते. ड्रेसिंग फार दुखते अशा रुग्णाला डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी दिलेली असावी.

काढलेले ड्रेसिंग फेकण्याआधी पाहावे. ते किती भिजले आहे, फक्त मधोमध की कडेपर्यंत, त्यावर पिवळसर पातळ लस (जखमेतून झिरपणारे पाणी) आहे, तांबूस पाणी आहे, की घट्ट हिरवट पू आहे, वास येतो का, या गोष्टींवरून पुढचे ड्रेसिंग किती जाड आणि किती दिवसांनी बदलायचे हे ठरते.

मग जखमेचा तळ पाहावा. डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल, दाणेदार, ओलसर तळ म्हणजे मांस भरत आहे. त्याला त्रास देऊ नये. पिवळा, चिकट, तंतुमय थर म्हणजे मृत पेशींचा गाळ. तो हळूहळू निघायला हवा. काळा, कडक थर म्हणजे मेलेली कातडी. कडेने आत सरकणारी फिकट गुलाबी किनार म्हणजे नवी त्वचा. एकाच जखमेत हे सगळे रंग असू शकतात, म्हणून ‘तीन चतुर्थांश लाल, उरलेले पिवळे’ असे लिहावे. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी तिच्याशी काटकोनात, आणि खोली निर्जंतुक स्वॅब अलगद टेकवून सेंटिमीटरमध्ये मोजावी. कडेखाली पोकळी असेल तर रुग्णाचे डोके म्हणजे बारा वाजण्याची जागा मानून ‘तीन ते पाच वाजण्याच्या दरम्यान दोन सेंटिमीटर’ अशी नोंद करावी. ‘जखम बरी आहे’ या वाक्यातून दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला काहीही कळत नाही.

संसर्गाची लाली सावळ्या त्वचेवर पुस्तकातल्या चित्रासारखी लाल दिसत नाही. आपल्या बहुतेक रुग्णांत ती जांभळट किंवा भोवतालच्या कातडीपेक्षा गडद दिसते, म्हणून हाताच्या पाठीने ऊब, बोटाने टणकपणा आणि डोळ्याने कातडीवरची ताणलेली चमक पाहावी. पायाच्या जखमेसाठी जांघेत आणि हाताच्या जखमेसाठी काखेत हात लावून अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ) आले आहे का तपासावे. पहिल्या तीन-चार दिवसांतली थोडी सूज आणि ऊब मात्र भरून येण्याच्या क्रियेचाच भाग असते. ती रोज कमी व्हायला हवी, वाढायला नको.

धुणे

जखमेच्या उपचारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे भरपूर पाण्याने धुणे, आणि सर्वांत जास्त टाळाटाळ हीच गोष्ट करताना होते. सलाइनमध्ये बुडवलेला बोळा दोनदा फिरवणे म्हणजे धुणे नव्हे. मातीने माखलेल्या जखमेला दर सेंटिमीटर लांबीमागे ५० ते १०० मिलिलिटर द्रव लागतो, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या घावाला पाव ते अर्धा लिटर. दाबही योग्य हवा. २० मिलिलिटरच्या सिरिंजला १८ नंबरच्या कॅन्युलाची फक्त प्लास्टिकची नळी लावून, सुई पूर्ण काढून, जखमेपासून काही सेंटिमीटर अंतरावरून फवारा मारला तर माती आणि जंतू निघतात आणि पेशींना इजा होत नाही. धसकट किंवा खिळा शिरून झालेल्या अरुंद छिद्रात मात्र जोराने फवारा मारू नये. त्यामुळे घाण आणखी आत ढकलली जाते. फवाऱ्यातून उडणारे थेंब तुमच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून चष्मा आणि मास्क वापरावा.

०.९ टक्के नॉर्मल सलाइन हे पहिले निवडीचे द्रावण. बाटली उघडल्यावर तिच्यावर तारीख आणि वेळ लिहावी आणि उरलेले द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नये. उपकेंद्रात सलाइन संपले म्हणून धुणे टाळायचे कारण नाही: पिण्यायोग्य स्वच्छ पाणी, किंवा शंका असेल तर उकळून गार केलेले पाणी ताज्या जखमेसाठी चालते. घरी ड्रेसिंग करणाऱ्या नातेवाइकांना एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा मीठ घालून झाकून ठेवायला आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यायला शिकवावे.

जंतुनाशकांबद्दल स्पष्ट असावे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून रुग्णाला आणि कधीकधी आपल्यालाही समाधान वाटते, पण तो नव्या पेशींनाही मारतो, आणि बंद पोकळीत ओतला तर वायूचे बुडबुडे रक्तात शिरण्याचा धोका असतो. स्पिरिट उघड्या जखमेत कधीही घालू नये. पोव्हिडोन आयोडीन भोवतालच्या कातडीसाठी आणि मळलेल्या किंवा संसर्ग झालेल्या जखमेसाठी ठीक आहे. तळ लाल आणि दाणेदार झाल्यावर ते रोज ओतत राहणे म्हणजे बरी होणारी जखम मागे खेचणे. थायरॉइडचा आजार असलेल्या रुग्णात आणि नवजात बाळात ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

पुसण्याची दिशा स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे असते. शस्त्रक्रियेच्या सरळ चिरेवर वरून खाली एकच फेर, एका फेरासाठी एकच बोळा. मग तिच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. गोल जखम मधून बाहेर. नळी टाकलेली असेल तर तिच्या भोवतालचा भाग सर्वांत शेवटी. धुवून झाल्यावर भोवतालची कातडी टिपून कोरडी करावी, कारण ओली राहिलेली कड पांढरी पडते, मऊ होते आणि जखम मोठी होते.

ताजी जखम धुवून होईपर्यंत धनुर्वाताचा निर्णय झालेला असावा. पूर्वीच्या टीटीच्या (फक्त धनुर्वाताच्या) जागी आता टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस दिली जाते. पूर्ण लसीकरण झालेल्या माणसाला स्वच्छ लहान जखमेत शेवटच्या मात्रेला १० वर्षे, आणि माती-शेण लागलेल्या जखमेत ५ वर्षे होऊन गेली असतील तर एक मात्रा लागते. ज्याला पूर्वीचे काही आठवत नाही किंवा तीनपेक्षा कमी मात्रा झाल्या आहेत, त्याच्या मळलेल्या जखमेसाठी लसीबरोबर धनुर्वात-विरोधी इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते, हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे. शेतात राबणाऱ्या प्रौढ पुरुषांना शेवटची मात्रा सहसा आठवत नाही. बायकांना गरोदरपणातली आठवते.

काय लावायचे

‘जखमेला हवा लागू द्या, ती सुकेल’ असे अजूनही सर्रास सांगितले जाते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत, पातळ पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा आली. कारण सोपे आहे: नव्या पेशींना सरकायला ओलावा लागतो, आणि कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. तळ ओला आणि भोवतालची कातडी कोरडी, हे साधायचे असते.

त्यामुळे लाल, उथळ, कमी लस येणाऱ्या जखमेवर व्हॅसलीन गॉज आणि वर पातळ पॅड पुरते, आणि ते दोन-तीन दिवस न उघडता राहू शकते. खूप लस येत असेल तर शोषून घेणारे जाड पॅड हवे आणि बदलणे रोजचे. खोल पोकळीत सलाइनने ओलसर केलेला गॉज सैल भरावा. ठासून भरला तर आतला रक्तपुरवठा दबतो. किती गॉज भरले ते नोंदवावे आणि एक टोक बाहेर ठेवावे, म्हणजे आत काही राहून जात नाही. ओला गॉज लावून तो सुकल्यावर ओढून काढण्याची जुनी पद्धत गाळ काढते खरी, पण त्याबरोबर चांगले मांसही ओरबाडते, म्हणून दाणेदार जखमेत ती वापरू नये. कापूस थेट जखमेवर कधीही ठेवू नये, त्याचे तंतू आत अडकतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले ड्रेसिंग भिजलेले नसेल आणि ताप-वेदना नसेल तर २४ ते ४८ तास उघडूच नये.

शेतात टिकणारी पट्टी

पट्टी अवयवाच्या टोकाकडून हृदयाकडे, प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा दोन तृतीयांश भाग झाकत बांधावी. जखमी बोटांच्या मध्ये गॉज ठेवावे, नाहीतर ती एकमेकांना चिकटतात. बोटांची टोके उघडी ठेवावीत आणि बांधून झाल्यावर नख दाबून सोडावे. रंग दोन सेकंदांत परतला नाही तर पट्टी सोडून पुन्हा बांधावी.

येथवर पुस्तकात आहे. पुढचे पुस्तकात सहसा नसते: चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा कागदी चिकटपट्टी घामाने तासाभरात सुटते, आणि पावसाळ्यात पायाची पट्टी बांधापर्यंत पोहोचण्याआधीच भिजते. भिजलेली पट्टी बाहेरचे जंतू आत नेते, म्हणून ती नसलेली बरी. उन्हाळ्यात चिकटपट्टीवर विसंबण्यापेक्षा रोलर बँडेज सांध्याच्या वर-खाली आठच्या आकड्यात फिरवून अडकवावे. पावसाळ्यात पायाच्या ड्रेसिंगवर कामापुरती स्वच्छ प्लास्टिकची पिशवी सैल बांधायला सांगावी आणि घरी येताच काढायला सांगावी. शक्य तेथे रजाच घ्यावी असे सांगणे योग्य आहे, पण रोजमजुरीवर असलेल्या बाईला ‘आठ दिवस आराम करा’ म्हणून निरोप देणे म्हणजे तिला काहीच न सांगणे. ‘मावशी, उद्या कुठल्या कामाला जाणार?’ हे विचारून त्या कामात टिकेल असे बांधावे. एका बाबतीत मात्र तडजोड नको: हातापायाला उघडी जखम असताना कीटकनाशकाची फवारणी करू नये, कारण विष जखमेतून झपाट्याने शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, हे ज्या गावांनी पाहिले आहे तेथे ही सूचना लगेच पटते.

काही जखमा वेगळ्या वागवाव्या लागतात

कुत्रा चावलेली जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, गावात धुतली असे सांगितले तरीही. मग पोव्हिडोन आयोडीन. ती शक्यतो शिवत नाहीत आणि पट्टीने झाकत नाहीत. तिखट किंवा चुना लावला असेल तर आधी तो धुऊन काढावा. रेबीजची त्वचेत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन ठिकाणी ०.१ मिलिलिटर अशी असते. रक्त आलेल्या चाव्यात रेबीज-विरोधी इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि भोवती भरावे लागते, आणि ते नसेल तर रुग्णाला ते जेथे मिळते तेथे त्याच दिवशी पाठवावे.

भाजलेल्या भागावर २० मिनिटे थंड वाहते पाणी. तीन तासांपर्यंत उशीर झाला असला तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी स्वतःच चटका देते, तेव्हा विहिरीचे किंवा माठातले वापरावे. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. लहान फोड फोडू नयेत. शेतातल्या मोटारीचा विजेचा धक्का बसून झालेला डाग बाहेरून रुपयाएवढा असला तरी आत खोल इजा असते आणि हृदयाची तपासणी लागते. त्याला मलम लावून घरी पाठवू नये.

मधुमेहाच्या आणि कुष्ठरोगाच्या तळपायाच्या जखमेत ड्रेसिंग हा उपचाराचा लहान भाग आहे; मोठा भाग म्हणजे त्या जागेवरचा भार काढणे. ज्या पायाला दुखत नाही तो माणूस जखमेवर चालतच राहतो, आणि उत्तम ड्रेसिंगखालीही जखम दर पावलाला चिरडली जाते. कडेचा जाड घट्टा डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित व्यक्तीने कापावा, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल द्यावी, आणि पाय गरम पाण्यात भिजवायला सांगू नये. घोट्याखालची नाडी लागत नसेल तर घट्ट दाबपट्टी बांधू नये आणि टाचेवरची कोरडी काळी खपली उचकटू नये. वर्धा-चंद्रपूरच्या या पट्ट्यात कुष्ठरुग्णांच्या सेवेची परंपरा जुनी आहे: सेवाग्रामला महात्मा गांधींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, आणि १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती उभी केली. तरीही आज कुष्ठरुग्णाचे ड्रेसिंग शेवटी, दुरून आणि घाईत उरकले जात असेल तर विद्यार्थ्यांनी ते अनुकरण करू नये. योग्य हातमोजे आणि धुतलेले हात एवढी काळजी पुरेशी असते.

सिकलसेलच्या रुग्णाची जखम बहुधा घोट्याजवळ असते, अतिशय दुखते आणि महिनोन्महिने रेंगाळते. त्याला ड्रेसिंगआधी पाणी प्यायला द्यावे, वेदनाशामक आधी द्यावे, थंड सलाइन टाळावे, आणि ‘अजून भरली नाही?’ असे म्हणू नये. त्याची त्यात काहीच चूक नसते.

अळ्या पडलेली जखम घेऊन येणारे कुटुंब आधीच शरमेने अर्धे झालेले असते, म्हणून चेहऱ्यावर किळस येऊ देऊ नये. डॉक्टरांच्या सूचनेने टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटे जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात. त्या फोर्सेपने काढून भरपूर सलाइनने धुवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत. पाठीवरच्या जखमेत दर दोन तासांनी कूस बदलणे हाच उपचार आहे; लाल झालेला भाग चोळू नये, आणि माकडहाडाखाली कापडाची चुंबळ किंवा टायरची ट्यूब ठेवू नये, तिच्या कडेवर दाब पडून रक्त आणखी अडते. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात.

घरी पाठवताना

जखम झाली की वरण, भात, अंडी बंद करण्याची प्रथा अनेक घरांत आहे, कारण त्यांनी पू होतो असे मानले जाते. मांस भरायला प्रथिने लागतात; तूरडाळ, शेंगदाणे, फुटाणे, अंडी जे घरात आहे ते रोज खायला सांगावे, आणि आवळा किंवा हंगामात संत्री. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि तंबाखू सोडण्याबद्दल उपदेश न करता एवढेच सांगावे की त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. परत केव्हा यायचे हे तारखेने आणि जमल्यास बाजाराच्या वाराने सांगावे. ताप, वाढता ठणका, वास, पट्टीतून बाहेर आलेले रक्त किंवा पू, बोटे बधिर वा निळी होणे, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे रुग्णाकडून एकदा म्हणवून घ्यावे.

टाके काढण्याचा दिवस डॉक्टर ठरवतात. साधारणपणे चेहऱ्याचे तीन ते पाच, डोक्याचे आणि धडाचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांनी. गाठीखाली, कातडीलगत कापावे, म्हणजे बाहेर राहिलेला मळका धागा आतून ओढला जात नाही.

कचरा आणि कागद

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्त-पू लागलेले गॉज, कापूस, पट्टी पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सुई काढलेली सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. काच निळ्या डब्यात. सुईला टोपण परत लावू नये. गावात घरी जाऊन ड्रेसिंग केले तर कचरा तेथे उकिरड्यावर न टाकता पिवळ्या पिशवीत बांधून केंद्रात आणावा.

रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, जागा, मापे, तळाचा रंग, लस किंवा पू, वास, भोवतालची कातडी, वेदना दहापैकी किती, कशाने धुतले, काय लावले, आत किती गॉज भरले आणि पुढची तारीख लिहावी. नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला) किंवा जिल्हा रुग्णालयाला पाठवायचे ठरले तर हीच माहिती चिठ्ठीवर उतरवावी. त्यात रक्तस्राव किती वाजता थांबवला, टीडी आणि वेदनाशामक कधी दिले, बोटांची नाडी आणि हालचाल निघताना कशी होती, हे वेगळे लिहावे आणि १०८ च्या गाडीत बसणाऱ्या नातेवाइकाच्या हातात ती चिठ्ठी देताना वाचूनही दाखवावी.